तिरका ‘आवाज’
परवा सोसायटीच्या गेटला रंगाचा स्प्रे मारत होते आणि त्या वासानं मला कामोठ्यातल्या मित्राची गॅलरी आठवली. गिटारचा सूर बदलणारी, पायानं दाबायची पेडलं तो घरीच बनवायचा. त्या दुपारी अशाच एका पेडलचा ॲल्युमिनियमचा डबा मी पॉलिश पेपरनं घासला, निळा रंग मारला. केमोमुळे त्याला वास सोसत नव्हता, म्हणून मास्क लावून तो दारातून बघत होता. रंग वाळल्यावर मात्र म्हणाला, “अक्षरं मीच काढणार.” त्यानं बारीक ब्रश धरला, पण हात थरथरला आणि बटणाखालचं ‘आवाज’ तिरकं उतरलं. “ओलं आहे तोवर पुसून टाक रे,” तो चिडून म्हणाला. मी फडकं उचललं, तर त्याच्या बायकोनं मला अडवलं. “राहू द्या भाऊजी. त्याच्या हातचं आहे.” तो तिच्याकडे बघून हसला. “बरं, पुढच्यावर सरळ काढीन.” पुढचं पेडल झालंच नाही. साताऱ्याला कायमची माहेरी जाताना तिनं उरलेले कोरे डबे मला दिले. मला घासता येतं, रंगवता येतं, अक्षरंही बरी येतात. पण त्यातल्या एकाही डब्याला अजून माझा हात लागलेला नाही.