शनिवारचा सांगाडा

सुरतेतल्या आमच्या मराठी शाळेत शनिवारचा शेवटचा तास चित्रकलेचा असायचा, आणि परीक्षा जवळ आली की सगळ्यात आधी तोच गणिताला दिला जायचा. मी नववीत असताना नव्या बाई आल्या. नवऱ्याला हजीऱ्याच्या कारखान्यात नोकरी लागली म्हणून त्या कोल्हापूर सोडून आलेल्या. पहिल्याच तासाला त्यांनी पिशवीतून एक जाडजूड पुस्तक काढलं. इटलीतल्या प्रबोधनकाळातली चित्रं. ती दाखवून झाल्यावर त्यांनी आम्हाला स्वतःचा हात काढायला सांगितला. आमच्या सगळ्यांच्या वह्यांत केळ्यांचे घड उगवले.

"आत काय आहे ते माहीत नसेल तर हात कसा काढणार?" बाई म्हणाल्या.

पुढच्या शनिवारी त्यांनी प्रयोगशाळेतला सांगाडा वर्गात आणून उभा केला. मागच्या बाकावरून कोणीतरी ओरडलं, "आ तो भूत छे!" हशा थांबायच्या आत विज्ञानाचे सर दारात येऊन उभे राहिले.

"बाई, हा सांगाडा विज्ञानाचा आहे."

"सर, तो कोणत्या विषयाचा आहे हे त्याला कुठे माहीत आहे?"

सर हसले नाहीत, पण गेलेही नाहीत. बाईंनी फळ्यावर कोपराखाली एकच हाड काढलं तेव्हा मात्र त्यांना राहवलं नाही. "दोन हाडं असतात तिथे."

"मग या ना आत."

सर आले. त्यांनी आम्हाला तळवा पालथा करायला लावला आणि एक हाड दुसऱ्यावरून कसं फिरतं ते सांगाड्यावर दाखवलं. बाईंनी पुस्तकातलं एका म्हाताऱ्याचं चित्र उघडलं. त्याचा तळवा नेमका तसाच वळलेला होता. सर चष्मा कपाळावर चढवून बराच वेळ वाकून बघत राहिले. "या चित्रकाराला हे शिकवलं कोणी?"

"प्रेतं फाडून बघितली त्यानं," बाई म्हणाल्या. "दिवसभर पाण्यातले भोवरे बघायचा आणि मग बायकांचे केस रंगवायचा. आपण चित्रकार आहोत की शास्त्रज्ञ, हे ठरवायला त्याला सवडच नव्हती."

त्यानंतर शनिवारी दोघं मिळून शिकवू लागले. एकदा आम्हाला तापीच्या पुलावर नेलं. खांबाला अडून पाणी कसं वळसे घेतं ते बघून आम्ही मुलींनी एकमेकींच्या वेण्या काढल्या. सर पाण्याच्या वेगाबद्दल बोलत होते आणि बाई माझ्या मैत्रिणीची वेणी सोडून पुन्हा घालत होत्या. शाळा इतकी आवडल्याचं मला दुसरं वर्ष आठवत नाही.

मग पालक बोलू लागले. बँकेतून दमून आलेले माझे वडीलही जेवताना म्हणाले, "पुढच्या वर्षी बोर्ड आहे. सांगाडे कसले काढताय?" दिवाळीनंतर मुख्याध्यापकांनी तो तास गणिताला दिला. सांगाडा सरांनी स्वतः उचलून परत नेला. बाई त्यांच्यासाठी दार धरून उभ्या होत्या. वर्षभरात बाईंच्या नवऱ्याची बदली झाली आणि त्या गेल्या.

मी फिजिओथेरपिस्ट झाले. कडोदऱ्याच्या कापड कारखान्यांत लूमवर उभं राहून खांदे आखडलेली माणसं माझ्याकडे येतात. कोणता स्नायू दुखतोय ते मी त्यांना कागदावर काढून दाखवते. कॉलेजात शरीररचना मला कधी जड गेली नाही. माझी मुलगी आता आठवीत आहे. तिच्याही वेळापत्रकात चित्रकला आहे, पण त्या तासाला मुलं कोचिंगच्या शीट सोडवतात.

गेल्या हिवाळ्यात सर माझ्या क्लिनिकमध्ये आले. केस पांढरे, उजवा खांदा पार आखडलेला. मी ओळख सांगितली तेव्हा त्यांनी माझा हात हातात घेतला आणि सोडलाच नाही.

"दुखण्याचं सोड गं," ते म्हणाले. "रिटायर झाल्यावर चित्रं काढायला लागलोय. भिंतीवर मोठा कागद लावतो, पण हात वर जात नाही. तापी झाली, पूल झाला, आकाश राहिलंय."

मी विचारलं, "बाईंना माहीत आहे?"

"फोन करतो ना अधूनमधून. त्याच म्हणाल्या, चांगल्या कोणालातरी खांदा दाखवा."

ते आठवड्यातून दोनदा येत राहिले. व्यायाम करताना ते मला विचारायचे, आता कोणता स्नायू? आणि मी मुद्दाम चुकीचं नाव सांगितलं तर लगेच पकडायचे. होळीच्या सुमारास हात डोक्याच्या वर गेला. पुढच्या खेपेला ते चित्राची गुंडाळी काखेत घेऊनच आले. आम्ही ती तपासणीच्या पलंगावर पसरली. आकाश फारच निळं झालं होतं, सुरतेवर तसं कधीच नसतं.

"बाई काय म्हणतील?" त्यांनी विचारलं.

"म्हणतील, आधी बाहेर जाऊन आकाश बघा."

सर खो खो हसले, आणि आम्ही दोघं खरंच बाहेर गॅलरीत जाऊन उभे राहिलो.