बाबांच्या इंग्रजीचं उद्यापन

आमच्या घरात इंग्रजी येणारा एकच माणूस होता, आणि तो ते बोलत नव्हता.

तो माणूस म्हणजे माझे बाबा. नागपूरला कॉलेजात शिकत असताना ते १९३० सालच्या जंगल सत्याग्रहात गेले, सरकारी रानातलं गवत कापून तुरुंगात बसले आणि तिथे कॉलेजातल्याच एका सोबत्याबरोबर त्यांनी शपथ घेतली, की यापुढे इंग्रजीचा एक शब्दही तोंडातून काढायचा नाही. तो सोबती म्हणजे आमचे सिंदीचे काका. नात्याचे कोणी नव्हते, पण सख्ख्या काकांहून जास्त होते. दर शुक्रवारी ते आमच्या गावी चालत येत. दोघं समोरासमोर चरखे मांडून बसत आणि दुपारपर्यंत बहुतेक गप्पच असत. पुढे इंग्रज गेले, झेंडा बदलला, शपथ मात्र तशीच राहिली. ती कधी सोडायची हे घेताना ठरवावं, असं दोघांपैकी एकालाही सुचलं नव्हतं. तरण्या पोरांच्या शपथा अशाच असतात.

मी मॅट्रिकला बसले ती पन्नासनंतरची वर्षं. आमचा वर्धा जिल्हा तेव्हा मध्य प्रदेशात होता. सेलूच्या मुलींच्या शाळेत मी लहान वर्गाला शिकवत असे, पण जागा कच्ची होती. शाळेच्या मोठ्या बाई मायेच्या होत्या आणि तोंडाच्या फटकळ. त्यांनी सांगून टाकलं होतं, "मॅट्रिक झालीस की कायम करते. नाही झालीस तर मला दुसरी बघावी लागेल." एकदा मी बसले होते आणि इंग्रजीत आपटले होते. ही दुसरी खेप. जागा गेली तर मी घरी बसणार, आणि घरी बसलेल्या मुलीचं पुढे काय करायचं हे सगळ्या गावाला पाठ असतं. मला ते नको होतं. मला शाळा हवी होती, आणि ही गोष्ट मी तेव्हाही कोणापासून लपवली नाही.

इंग्रजीच्या परीक्षेत दोन उतारे असत. एक छापलेला, आधी कधी न पाहिलेला. तो वाचून खालच्या प्रश्नांची उत्तरं लिहायची. दुसरा परीक्षक दोनदा मोठ्यानं वाचून दाखवत. तो कान देऊन ऐकायचा, पुस्तक नाही, काही नाही, आणि मग प्रश्नांना तोंड द्यायचं.

पहिल्याची तयारी बाबांनीच करून घेतली. तोंड न उघडता. संध्याकाळी ते चरख्यावर बसत आणि मी समोर बसून जुन्या गाइडातला उतारा वाचत असे. माझा उच्चार चुकला की चाक थांबायचं. मी तो शब्द पुन्हा म्हणायची, परत म्हणायची, बरोबर आला की चाक फिरायला लागायचं. मग अर्थ मराठीत सांगायचा. अर्थ चुकला तर बाबा नुसते हातातल्या कापसाच्या पेळूकडे बघत बसायचे. कधी कधी एका वाक्यावर इतका वेळ जायचा, की माय चुलीपासून ओरडायची, "अवो, चाक चालवा, नाई त उद्या कापडं कायचे घालसान?" अशा रीतीनं माझं वाचन सुधारलं. आळशीपणाला तिथे जागाच नव्हती.

पण ऐकायचं कोणाचं? मी बाहेरून परीक्षेला बसलेली, मला मास्तर नाही. सिंदीला एका कापसाच्या दलालाकडे रेडिओ होता. मायला सोबत घेऊन मी दोन-चारदा इंग्रजी बातम्या ऐकायला गेले. रेडिओत घरघर, बाहेर बैलगाड्यांची रांग, ओट्यावर भावाची घासाघीस. बातम्या देणारा माणूस कोणी पाठीस लागल्यासारखा पळत होता. माझ्या पदरात चार शब्द पडले असतील. परतताना माय म्हणाली, "घरी गंगा हाये अन् आपन डबकं पाहाले येऊन राह्यलो." त्याच संध्याकाळी मी बाबांसमोर जाऊन उभी राहिले.

"बाबा, मले वाचून दाखवा."

ते म्हणाले, "तुले माहीत हाये."

"माहीत हाये. तरीबी म्हनून राह्यली."

बाबांनी चरखा आवरला आणि अंगणात निघून गेले. मला फार राग आला. देशाची शपथ आणि लेकीची परीक्षा, यात लेक नेहमी कमीच पडणार, असं मनात आलं. ते मी मायला बोलूनही दाखवलं. माय शाळेत गेलेली नव्हती, पण वाद घालायला बसली की वकिलानं हात जोडावेत. जेवायच्या वेळी तिनं भाकर वाढता वाढता विषय काढला.

"अवो, म्या सोळा सोमवार केले, त्याचं उद्यापन केलं. व्रत धरलं त सोडाची रीत असते. तुमचं व्रत हाये का जन्मठेप?"

"व्रत नाई ते. शपथ हाये."

"शपथ म्हना का काही म्हना. ज्याच्यासाठी धरलं ते झालं का नाई? गेले का नाई इंग्रज? मंग देवाले सांगा, मानसाले जेवू घाला अन् मोकळे व्हा. अर्धवट सोडलं त पाप लागते. उद्यापन करून सोडलं त नाई लागत."

खादीवाल्याच्या घरात उद्यापन! बाबांना पूजाअर्चेचं वावडं होतं. मला वाटलं, आता ताटावरून उठतात. पण ते उठले नाहीत. भाकरीचा तुकडा मोडत म्हणाले, "मी एकट्यानं नाई घेतली." आणि दुसऱ्या दिवशी सिंदीला गेले. काकांना काय बोलले, ते काय म्हणाले, हे त्यांनी सविस्तर सांगितलंच नाही. परत आल्यावर एवढंच म्हणाले, "तो म्हने, तुहं तू पाय."

तुझं तू बघ, एवढं मायला पुरे होतं. ज्याच्यासंगं धरलं त्यालाच जेवू घालायचं, असं तिनं आपल्या मनानंच ठरवलं आणि येत्या शुक्रवारी पुरण घातलं. पाट मांडला, भोवती रांगोळी काढली, समई लावली. काका नेहमीसारखे चरखा घेऊन आले. पाट पाहून काय ते समजले. हातपाय धुऊन बसले, पोटभर जेवले. मायनं त्यांच्या हातात नारळ दिला आणि म्हणाली, "भाऊजी, याईले शपथेतून मोकळं करा."

काका नारळ हातात धरून बसले. बाबा समोर मान खाली घालून. मी दाराशी उभी होते, आणि हे सगळं माझ्यासाठी चाललं होतं.

शेवटी काका म्हणाले, "मोकळा हो. मी नाई होत." त्यांनी नारळ पाटावर ठेवला, चरखा उचलला आणि निघाले. बाबांनी "थांब" म्हटलं नाही. पुढच्या शुक्रवारी काका आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. बाबा मात्र दोन चरख्यांची जागा झाडून ठेवत.

काका उठून निघाले त्याच दिवशी दुपारी बाबांनी मला हाक मारली. "आन पुस्तक." ते आधी बाहेर जाऊन चूळ भरून आले. चष्मा पुसला, पुन्हा पुसला. पहिलं वाक्य त्यांच्या तोंडातून निघेना. आवाज खरखरला, एका साध्या शब्दावर ते अडखळले आणि कानापर्यंत लाल झाले. इतक्या वर्षांत बाबांना लाजलेलं मी पाहिलंच नव्हतं. पण हळूहळू वाट सापडली. उतारा समुद्रावरच्या दीपगृहातला दिवा सांभाळणाऱ्या एका माणसाचा होता. त्याचा भाऊ होडी घेऊन जातो आणि परत येत नाही, आणि हा माणूस रोज दिवा लावत राहतो. आमच्यापैकी कोणी समुद्र पाहिलेला नव्हता.

मराठीत बाबा तोडून बोलत. हो, नाही, ठेव, जा. इंग्रजी वाचताना तेच बाबा सावकाश, जपून, शब्दाला हात लावत चालले होते. कॉलेजात त्यांना ही भाषा किती आवडत असेल, हे मला तेव्हा कळलं. आवडत नसलेली वस्तू सोडण्याची शपथ कोण घेतो?

वाचून झालं तेव्हा माय पदरानं हात पुसत दाराशी उभी होती. तिनं विचारलं, "कोनाचं कोनी गेलं का त्याच्यात?"

मी म्हटलं, "हो, भाऊ गेला. तुले कसं समजलं?"

ती बाबांकडे बघून म्हणाली, "इतका मऊ आवाज होता तुमच्यापाशी, त इतके वर्स कुठं ठेवला होता?" आणि आत जाऊन भांडी आपटायला लागली. ती रडत होती. बाबांनी पुस्तक मिटलं आणि त्या दिवशी दुसरा उतारा वाचला नाही.

त्यानंतर परीक्षेपर्यंत ते रोज वाचत आणि मी ऐकत असे. मला सगळं समजायला लागलं. प्रश्न विचारण्याआधी उत्तर तयार. मी हवेत होते. वर्ध्याच्या केंद्रावर छापलेला उतारा मी मजेत सोडवला. मग परीक्षक उभे राहिले आणि त्यांनी वाचायला सुरुवात केली. आवाज नाकातला, शब्द एकमेकांत घुसलेले, आणि जिथे बाबा थांबले असते तिथे हे थांबतच नव्हते. मी वाट पाहत बसले, की आता जरा सावकाश घेतील. त्यांनी दोनदा वाचून कागद खाली ठेवला. माझी निम्मी उत्तरं कोरी राहिली. मला इंग्रजी समजत नव्हतं, मला बाबा समजत होते.

निकाल वर्तमानपत्रात येई. बाबा सिंदीच्या स्टेशनावर, आगगाडीनं येणारा अंक घ्यायला गेले. परत आले तेव्हा अंक काखेत घडी केलेला होता. त्यांनी तो उघडून दाखवला नाही.

"नंबर नाई त्याच्यात," ते म्हणाले.

मी धड रडलेही नाही. तोंडातून निघून गेलं, "तुमची शपथ गेली, काका गेले, अन् मी तरी पास झाली का?"

बाबा खाली बसले. माझी समजूत घातली नाही, रागावलेही नाहीत. त्यांनी विचारलं, "कुठं अडली?" मी सांगितलं. तो माणूस तुमच्यासारखा वाचत नव्हता, असं म्हटलं. ते ऐकत राहिले आणि मग म्हणाले, "म्हंजे चूक माही हाये. म्या तुले एकाच विहिरीचं पानी पाजलं."

मोठ्या बाईंनी शब्द पाळला. माझ्या जागी दुसरी आली. शाळेतून माझी छत्री आणि पाणी प्यायचा गडवा घेऊन मी घरी आले. बाबा तयार होऊन बसले होते. "चाल सिंदीले," म्हणाले. "पुस्तक घे."

सिंदीच्या स्टेशनावरचे मास्तर मद्रासकडचे होते. घरी त्यांची भाषा, बाहेर मोडकी हिंदी, पण इंग्रजी फाडफाड. त्यांच्याकडे जायचं होतं. वाटेत काकांचं घर लागतं. बाबा तोंड फिरवून पुढे जातील असं मला वाटलं होतं, पण ते सरळ ओट्यापाशी जाऊन उभे राहिले. काका निंबाखाली खाटेवर बसले होते. उद्यापनानंतर दोघं पहिल्यांदाच समोरासमोर आले होते.

"पोरगी नापास झाली," बाबा म्हणाले.

"समजलं मले."

"तिले दुसऱ्याचा आवाज पायजे. स्टेशन मास्तरले विचाराले चाललो."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. "मी नाई वाचनार," ते म्हणाले.

"मी तुले मांगाले नाई आलो. सांगाले आलो."

काका खाटेवर सरसावून बसले. मग पायांनी वहाणा चाचपल्या, टोपी घातली आणि आमच्या पुढे चालू लागले. मास्तरांशी तेच बोलले, हिंदीत. "साहब, ये हमारी बच्ची है. इसे थोडा अंग्रेजी पढकर सुना दिया करेंगे?" मास्तर भला माणूस. मालगाडी गेली की बसू, म्हणाले. त्यांच्या त्या धावत्या इंग्रजीच्या मागे धावूनच पुढच्या खेपेला मी पास झाले. जागा सेलूची मिळाली नाही, हिंगणघाटला मिळाली, आणि तिथे माझा जन्म गेला.

पण त्या दिवशी मालगाडीला वेळ होता. आम्ही तिघं फलाटावरच्या बाकावर बसलो. काकांनी माझ्या हातातलं पुस्तक घेतलं, वरून खालून पाहिलं आणि बाबांच्या मांडीवर ठेवलं.

"वाच."

बाबा दचकले. "इथं? तुह्यासमोर?"

"बोलाची शपथ घेतली होती आपन. आयकाची नाई घेतली." मग माझ्याकडे वळून काका म्हणाले, "होस्टेलात रोज तुहा बापच वाचाचा, अन् मी आयकाचो. उद्यापनाच्या दिवशी मी थांबलो नाई. थांबलो असतो त माहीबी शपथ गेली असती."

बाबांनी पुस्तक उघडलं. त्या दिवशी ते फार वाईट वाचत होते. शब्द सुटत होते, आवाज मधेच बसत होता, एक ओळ त्यांनी दोनदा वाचली. काकांनी डोळे मिटले होते आणि त्यांचे ओठ हलत होते, पण त्यातून आवाज निघत नव्हता. उतारा संपला तरी त्यांनी डोळे उघडले नाहीत.

"अजून हाये का?" त्यांनी विचारलं.

बाबांनी पान उलटलं.