सोनेरी खुंटी

जव्हारच्या दातांच्या दवाखान्यात मी मदतनीस म्हणून लागले, तेव्हा रसायनशास्त्राची पदवी नुकतीच हातात आली होती. आमच्या घरातली ती पहिलीच. एके दिवशी खुर्चीत माझ्या पोशेऱ्याच्या शाळेतल्या बाई येऊन बसल्या. पुढचा दात गेल्यापासून त्या तोंडावर पदर धरून शिकवायच्या. डॉक्टर मॅडमनी हाडात स्क्रू बसवलाच होता. आता त्यावर टायटॅनियमची खुंटी आणि खुंटीवर दात. पण बाईंची हिरडी पातळ. लावून पाहिलं तर दाताच्या वर, हिरडीतून धातूची करडी रेघ दिसायची.

"म्हणजे पुन्हा पदरच," बाई म्हणाल्या.

मॅडम माझ्याकडे वळल्या. "खुंटी सोनेरी केली तर हिरडी गुलाबी दिसेल. विजेने होतं. करशील?"

करशील? मी तर उडीच मारायची बाकी होते!

वीज गेलेली होती, म्हणून दवाखान्यातल्या हातबॅटऱ्यांचे सेल एकापुढे एक जोडले. सोड्याच्या पाण्यात एका तारेला खुंटी, दुसरीला स्टीलचा चमचा. करडा धातू डोळ्यांदेखत तपकिरी झाला, जांभळा झाला, निळा झाला! आणि निळ्यावरच अडला.

"सेल जुने आहेत का गं?" मॅडमनी विचारलं.

"जुने असले म्हणून काय झालं?" झाडलोट करणाऱ्या मावशी म्हणाल्या. "सकाळपासनं पत्र्यावर उन्हात घातलेत मी. पुन्हा जोर धरतात."

"बॅटरीच्या उजेडापुरता धरतात मावशी. इथं जास्त लागतो."

मावशी तडक बाहेर बाकांवर बसलेल्या पेशंटांकडे गेल्या. परतीच्या रानवाटेसाठी बहुतेकांच्या पिशवीत बॅटरी होतीच. "काढा सेल! बाईंच्या दाताला पाहिजेत."

"दात काय सेलवर चालणार?" मोखाड्याचे एक आजोबा म्हणाले. "मंग माझा पण तसलाच बसवा, वाटंला उजेड पडंल."

हसत हसत सगळ्यांनी सेल काढून दिले. रांग टेबलभर लांबली. निळा फिकटला, पिवळसर झाला, आणि सोनेरी! मी ओरडलेच. वरून काहीच फासलेलं नव्हतं. धातूवरचाच पातळ थर वाढला, की उजेडात रंग बदलतो. पुस्तकात वाचलेलं आता माझ्या चिमट्यात चमकत होतं.

"आधी मला दाखव," बाई म्हणाल्या. "एवढं सुंदर करून हिरडीत लपवणार?"

निर्जंतुक करून मॅडमनी खुंटी बसवली, वर दात. आरशात रेघ नव्हती. बाई बराच वेळ बघत राहिल्या, मग उठून दारात गेल्या आणि थेट वर्गातला आवाज लावला, "रांगेत या. आपापले सेल घ्या."

पदर खांद्यावरच होता.