मेपल लेनवरची व्हियेच्नित्सा

ईडन प्रेरीतल्या आमच्या मेपल लेनला 'व्हियेच्नित्सा' हे नाव एन्व्हरनं दिलं. एन्व्हर म्हणजे माझ्या मुलाच्या, ईशानच्या, पिवळ्या स्कूलबसचा ड्रायव्हर. साठीचा, पांढऱ्या मिशांचा, मुलांनी सांडलेले चिप्स कुरकुर न करता झाडणारा. पूर्वी तो बोस्नियात, सारायेव्हो शहरात, ट्राम चालवायचा. युद्धात शहराला वेढा पडला, ट्राम बंद झाली आणि तो बायकोला घेऊन जर्मनीमार्गे मिनेसोटात येऊन पडला.

ट्राम सुटली, पण तिथले स्टॉप पुकारायची सवय काही सुटली नाही. चर्चचा कोपरा 'मारिन द्वोर', तळ्याजवळचा 'स्केंदेरिया', ओढ्यावरचा 'लॅटिन ब्रिज'. खऱ्या लॅटिन ब्रिजशेजारी ऑस्ट्रियाच्या राजपुत्राला गोळी घातली आणि पहिलं महायुद्ध पेटलं, हे ईशानला बालवाडीतच कळलं. मला ते घोकूनही परीक्षेत आठवलं नव्हतं. शेवटचा स्टॉप 'बाश्चार्शिया', म्हणजे तिथला जुना बाजार. तिकडे लाकडी पाणपोई आणि कबुतरं, आमच्याकडे पेट्रोल पंप! मला मोठी गंमत वाटायची.

२००५ च्या जानेवारीत ही गंमत अंगाशी आली. एन्व्हर तापानं आडवा झाला आणि बदली ड्रायव्हर आली. तिनं बिचारीनं 'मेपल लेन' असं स्वच्छ पुकारलं. ईशान जागचा हलला नाही, कारण त्याचा स्टॉप 'व्हियेच्नित्सा', आणि तो आलाच नव्हता. आमच्या खिडकीतून कोपरा दिसतो. बस थांबली, निघून गेली, आणि कोपरा रिकामा! बाहेर हाडं गोठवणारी थंडी. मी वेड्यासारखी फोन फिरवत राहिले. शेवटी पोरगं बस डेपोत सापडलं, मागच्या सीटवर झोपलेलं.

मी बस ऑफिसला फोन करून आकाशपाताळ एक केलं. ऑफिसनं एन्व्हरला बजावलं, यापुढे फक्त रस्त्यांची नावं घ्यायची. आणखी एक तक्रार आली, तर घरी बसायचं.

बरा झाल्यावर तो आमच्या दारात आला. टोपी हातात.

"चूक माझी आहे," तो म्हणाला. "मुलाला काही झालं असतं तर मी जगलो नसतो."

"पण मिस्टर एन्व्हर, ही नावं हवीत कशाला?" माझा राग अजून उतरला नव्हता.

"व्हियेच्नित्सा म्हणजे आमचं नगरभवन. पुढे तिथे ग्रंथालय झालं. वेढ्यात डोंगरावरून तोफा डागून ते पेटवलं. जळकी पानं शहरभर उडत होती. एक मी हातावर झेललं. अक्षरं दिसत होती. बोट लावलं आणि राख झाली." तो टोपीकडे बघत राहिला. "ही नावं रोज एकदा तोंडातून गेली नाहीत, तर त्यांचंही तसंच होईल अशी भीती वाटते."

इतकी वर्षं इथे राहून मीसुद्धा कॉस्टकोच्या दुकानाकडे वळताना मनात 'आता टिळक रोड' म्हणते. नवऱ्यालाही हे सांगितलेलं नाही. मला माझ्या रागाची लाज वाटली नाही, कारण पोटचा पोर हरवला होता. पण या माणसाबद्दल फार वाईट वाटलं.

ईशानकडून मी घराचा पत्ता आणि फोन नंबर घोकून घेतला आणि सोमवारी शाळा सुटल्यावर स्वतः कोपऱ्यावर जाऊन उभी राहिले. बस आली, दार उघडलं.

"मेपल लेन," एन्व्हर म्हणाला. आवाज ऑफिसच्या हुकमासारखा कोरडा.

ईशान उठला नाही.

"मेपल लेन, ईशान," एन्व्हर पुन्हा म्हणाला.

"आय नो," आतून उत्तर आलं. "बट धिस इज नॉट माय स्टॉप."

एन्व्हरनं माझ्याकडे बघितलं. आधीची तक्रार माझीच होती, आणि पुढची करायची झाली तर तीही मीच करणार होते.

मी बसच्या पायरीवर चढले.

"मिस्टर एन्व्हर," मी म्हटलं, "स्टॉपचं नाव नीट पुकारा. पोरगं खोळंबलंय."

त्यानं पुकारलं. ईशान दप्तर उचलून उतरला.