राणीनं मशाल टेकवावी की नाही

माझं माहेर महाडचं, भर बाजारपेठेतलं. सासर पोलादपूरच्या पुढे, कशेडीच्या पायथ्याशी. मधलं अंतर एस.टी.नं असं कितीसं, पण लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं, आपल्याला कुणीतरी कोरड्या विहिरीत ढकललंय. घरात वाचायला कागदाचा कपटा नाही. साखरेच्या पुडीचा कागदसुद्धा मी उलगडून, हातानं सपाट करून वाचायचे. थोरली जाऊ बघायची आणि म्हणायची, "काय गो, साखरेनं निरोप धाडलाय काय?"

तिला सगळे आक्का म्हणत, मीही म्हणायचे. घरात आम्ही तिघंच, मामंजी, आक्का आणि मी. माझे यजमान मुंबईला गिरणीत होते, शिमग्याला आणि गणपतीला यायचे. आक्कांचे यजमानही मुंबईला गेले होते, पण ते आलेच नव्हते. आधी गोदीत होते म्हणे, मग कुणी सांगितलं बोटीवर गेले, कुणी सांगितलं तापानं गेले, आणि मग सांगणारेही संपले. मी घरात आले तेव्हा या गोष्टीला बरीच वर्षं झाली होती. आक्का रोज सकाळी कुंकू लावायची, ठसठशीत, आणि त्याबद्दल घरात कुणी अवाक्षर काढत नसे.

माझ्या वडिलांना माझी दया आली असावी. ते वाचनालयाचे जुने सभासद. त्यांनी ओळखीच्या कंडक्टरबरोबर एक जाडजूड पुस्तक पाठवलं. पाच भागांची राजपुत्राची कादंबरी, त्यातला हा पहिला भाग. लेखकानं त्यात काय घातलं नव्हतं! बोलणारी तळी, उडते घोडे, दगड झालेली माणसं, एक कपटी प्रधान, आणि काळ्या सरोवरापलीकडचा एक देश, जिकडे राजपुत्र आपल्या राणीला मागे ठेवून निघून जातो. माझ्या माहेरी असलं पुस्तक पोरासोरांचं म्हणून बाजूला सारलं असतं. मी अधाशासारखी वाचत सुटले.

दुपारी पडवीत वालाच्या शेंगा फोडायला आजूबाजूच्या बायका जमत. मी मनात वाचतेय हे बघून आक्का म्हणाली, "एकटी एकटी काय खातेस गो? मोठ्यानं वाच की." मी मोठ्यानं वाचू लागले, आणि माझी विहीर एकदम भरली म्हणा ना.

पण आमच्या गावात चार माणसांसमोर मोठ्यानं वाचतात ती पोथी. दुसरं काही मोठ्यानं वाचतात हेच कुणाला ठाऊक नव्हतं. दुसऱ्या दिवशी बघते तर आक्कानं पाट मांडलेला, त्यावर धुतलेलं फडकं, त्यावर माझा राजपुत्र, आणि त्याला हळदकुंकू वाहिलेलं. "अहो आक्का, ही कादंबरी आहे! वाचनालयाची प्रत आहे!" पालथ्या घड्यावर पाणी. ती म्हणाली, "असंल. पर बसलीय ना आता घरात? मंग नीट बसू दे." पुस्तक परत गेल्यावर वडिलांचा कंडक्टरच्या तोंडी निरोप आला, मुलीला सांगा, राजपुत्राचं लग्न झालेलं आहे, त्याला पुन्हा हळद लावू नका.

पुढचे भागही तसेच कंडक्टरबरोबर येत गेले, पण वाचनापेक्षा वाद जास्त चालायचे. मी एक पान वाचायचे आणि त्या अर्धी दुपार भांडायच्या. राजपुत्रानं जाताना महालाच्या दारावर एक घंटा टांगलेली असते. ती रोज दिवस मावळताना आपोआप वाजते, आणि तो आहे तोवर वाजणार असं आम्ही धरून चाललो होतो. तिसऱ्या भागाच्या शेवटी ती वाजायची थांबते. झालं! शेंगा तशाच राहिल्या. शेजारच्या काकी म्हणजे तरुणपणीच कपाळ पांढरं झालेली बाई, जिभेला हाड नाही, त्या म्हणाल्या, "प्रधानाचं काम हाय. घंटेचा लोळा काढलान मेल्यानं. राणी एवढी शानी, आणि वर चढून बघत नाय?" पलीकडच्या घरातली नवी सून, जिचा नवरा मुंबईला होता, ती खाली मान घालून म्हणाली, "त्याला तिकडं दुसरी गावली असंल. घंटा लाजली." यावर सगळ्या हसल्या, ती मात्र हसली नाही.

आक्का कुणाच्याच बाजूची नव्हती. ती मला म्हणाली, "पयल्या भागात जादूगार काय बोललाय ते आठव." मला आठवेना. तिला आठवत होतं, शब्दन् शब्द. ज्या बाईला आपलं नाव लिहिता येत नव्हतं! जादूगार म्हणाला होता, ज्या दिवशी याला घरची वाट आठवणार नाही, त्या दिवशी घंटा मुकी होईल. "मेला तर थांबल असं कुठं म्हटलाय? वाट इसरलाय तो. जिता हाय." काकी म्हणाल्या, "इसरला काय नि मेला काय, राणीला काय फरक?" आक्का म्हणाली, "फरक हाय." एवढंच. मी वडिलांना सांगून पहिला भाग पुन्हा मागवला, आणि खरंच, ते तसंच होतं. काकींच्या नाकाला मिरच्या झोंबल्या, दोन दिवस फिरकल्या नाहीत.

चौथा भाग संपला तो भलत्याच ठिकाणी. प्रधान दरबार भरवतो. राजपुत्र गेला असं समजा, त्याचा मुकुट आणि वस्त्रं चितेवर ठेवा, आणि राणीनं आपल्या हातानं अग्नी द्यावा म्हणजे धाकट्या दिराला गादीवर बसवता येईल. चिता रचली जाते. राणी मशाल हातात घेते. भाग समाप्त. लेखकाला मी जन्मात एवढ्या शिव्या दिल्या नव्हत्या. आणि पाचवा भाग वाचनालयात नव्हता, कुणीतरी नेला तो परत आणलाच नव्हता.

त्याच सुमारास मामंजींनी देवळात कौल लावला. आधी दुभती म्हैस गेली होती, मग माझं पहिलं मूल पोटातच गेलं होतं, आणि मामंजींच्या मनानं घेतलं होतं की घरातलं कुणीतरी उपाशी फिरतंय. गुरवानं देवाच्या पाषाणाला कळ्या चिकटवल्या, प्रश्न घातला आणि उजवी कळी पडली, म्हणजे देवाचा होकार. मामंजी घरी आले, ओटीवर बसले आणि आत न बघताच बोलले, "बारा वर्सं होऊन गेली. भटजी म्हणतात, दर्भाचा पुतळा करायचा, पळसाची पानं लावायची, नि अग्नी द्यायचा. मंग दिवस घालायचे. थोरलं पोर तान्हेलं फिरतंय गो माझं. त्याला पानी कोन देनार?"

ते दुष्ट नव्हते हो. मी चुलीपाशी उभी, आणि माझ्या डोळ्यांपुढे एकच गोष्ट, आक्काचं कपाळ. पुतळ्याला अग्नी दिला की ते कपाळ पुसायचं, हातातल्या बांगड्या फोडायच्या. नवरा असो नसो.

आक्का दारात आली. पदर डोक्यावर घेतला आणि अगदी शांतपणे म्हणाली, "मामंजी, घरात पोथी बसलीय. पोथी बसली असता सुतक आपल्या हातानं घरात आनू नये. समाप्ती होऊ दे, नारळ फुटू दे. मंग करा काय ते."

मी बघतच राहिले. हे तिच्याजवळ कधीपासून तयार होतं, देव जाणे. मामंजी देवभोळे माणूस. म्हणाले, "बरं. समाप्ती होऊ दे."

आणि समाप्ती काही होईना. पाचवा भाग नाही तर समाप्ती कसली? पाऊस आला, गेला, भात कापून झालं, पुन्हा वाल आले, आणि पाटावर चौथा भाग फडक्यात बसलेला. वडिलांना मी सांगून टाकलं की हा काही इतक्यात परत येत नाही. दुपारी बायका जमायच्या आणि एकच वाद, राणीनं मशाल टेकवावी की नाही. काकी म्हणत, "मी असते तर प्रधानाच्या दाढीलाच लावली असती." शिमग्याला आलेले चाकरमानीही त्यात पडले. एकजण म्हणाला, "अरे, तो व्हिलन आहे ना, तो शेवटी माफी मागतो, हमेशा असंच असतं." नवी सून म्हणाली, टेकवून मोकळी होऊ दे बिचारी, वाट बघून डोळ्यांच्या खाचा झाल्या तिच्या. आक्का प्रत्येकीला उत्तर द्यायची. वाद थंडावला की नवी शंका काढायची, "पर सरोवरावर जी म्हातारी भेटली व्हती, ती कोन? दुसरा भाग परत वाच बगू." मला आता सगळं समजत होतं, आणि मी जुने भाग पुन्हा मागवून वाचत होते. याहून जास्त मला करता येत नव्हतं. मी धाकटी सून, माझ्या शब्दाला त्या घरात किती वजन? वालाच्या टरफलाइतकं.

मामंजींनी कधी गोष्ट ऐकली नव्हती. पण एक दिवस सकाळी ते न सांगता एस.टी.त बसून महाडला गेले. माझ्या वडिलांकडे गेले, वाचनालयात गेले, ज्यानं पुस्तक अडकवून ठेवलं होतं त्याचं घर शोधून काढलं आणि त्याच्या दारात बसून राहिले. दुपारी परत आले ते उपरण्यात काहीतरी गुंडाळून. त्यांना अक्षर येत नव्हतं. माझ्यापुढे धरून म्हणाले, "ही शेवटची ना गो? बग नीट. चुकीची नको."

मी बघितलं. तीच होती. खोटं बोलावं असं क्षणभर मनात आलं, पण त्यांच्या मागे आक्का उभी होती आणि ती माझ्या तोंडाकडे बघत होती. माझ्या तोंडावरून तिला कळलंच होतं.

बातमी वाऱ्यासारखी गेली. "पाचवा आला! पाचवा आला!" पडवीत पाय ठेवायला जागा नाही. ज्या कधी येत नसत त्यासुद्धा आल्या. मी सावकाश वाचत होते, पाणी पीत होते, खोकत होते. त्या मला सोडतायत कुठल्या! "वाच गो, वाच, थांबू नको." काकी तर माझ्या गुडघ्याला गुडघा लावून बसल्या होत्या. मला रडू येत होतं आणि रागही येत होता. या बायांना कळत कसं नाही? आणि कळत होतं तरी काय करणार होत्या? वर्षभर त्याही वाट बघत होत्या. तिसऱ्या दुपारी शेवटचं प्रकरण उरलं. मी पुस्तक मिटलं, म्हटलं, घसा बसला, राहू दे आज.

आक्का म्हणाली, "वाच. मला बी कळू दे तिनं काय केलं."

राणी मशाल टेकवते. मुकुट पेटतो, वस्त्रं पेटतात, आग आभाळाला भिडते. आणि काळ्या सरोवराच्या पलीकडे, वाट विसरून बसलेल्या राजपुत्राला तो उजेड दिसतो. त्याला घर आठवतं. तो निघतो, आणि चिता विझायच्या आत दारात येऊन उभा राहतो.

पडवीत नुसता कल्लोळ! काकी डोळे पुसत होत्या, नवी सून हसत होती, कुणी म्हणत होतं, बघ, मी म्हटलं नव्हतं? ओटीवर मामंजीही बसले होते, पहिल्यांदाच. त्यांनी नारळ फोडला. खोबरं वाटलं.

आक्का हसली नाही, वाद घातला नाही. हातातलं खोबरं तिनं तसंच ठेवलं, उठली आणि ओटीच्या कडेला जाऊन म्हणाली, "मामंजी, करा तुमी. भटजींना सांगा. जाळ मोठा करा जरा."

मामंजींना वाटलं, सून मानली. बायकांना वाटलं, बरं झालं, सुटली. मलाच समजलं काय झालं ते. आत गेल्यावर मी तिचा हात धरला. "आक्का, अहो ती गोष्ट आहे. लिहिणाऱ्यानं लिहिलीय. कुठेतरी पुण्यामुंबईला बसून लिहिलीय." ती माझ्याकडे बघून म्हणाली, "ठाव हाय गो मला." आणि भांडी घासायला गेली. तिला ठाऊक होतं, आणि तरीही. मी कुणाला काय सांगणार होते?

पुतळा सावित्री नदीच्या काठी नेला. बायका घरीच. आमच्या मागल्या दारातून नदीकाठ दिसायचा आणि हायवेवरून गावात येणारी पायवाटही. आक्का उंबऱ्यावर बसली होती. आमच्यात बांगड्या फोडायचं काम जवळच्या विधवा बाईचं, म्हणून काकी आल्या होत्या. एका हातात दगड. वर्षभर ज्या राणीसाठी प्रधानाशी भांडल्या, त्यांना आता तोंड वर करवेना. त्यांनी आक्काचं मनगट धरलं.

आक्का म्हणाली, "थांब गो काकी जरा. धूर आत्ता तर उठलाय."

काकींनी मनगट सोडलं. त्या खाली बसल्या. आम्ही सगळ्याच बसलो. कुणी कुणाला घाई केली नाही. वर घाटात ट्रक चढत होते त्यांचा आवाज येत होता. एक एस.टी. थांबल्यासारखी वाटली, मग पुढे गेली. धूर उभा राहिला, आडवा झाला आणि विरून गेला.

पुरुषमाणसं नदीवर अंघोळी करून ओल्या कपड्यांनी वाटेनं येताना दिसली. पुढे मामंजी. आक्कानं मान उंच करून त्यांच्या मागे बघितलं, शेवटचा माणूस कुंपणाच्या आत येईपर्यंत बघितलं. मग तिनं आपणच दोन्ही हात काकींच्या पुढे केले.