पैलवानाच्या आईच्या गोळ्या

"थांबा, आदी दम घिऊ द्या," म्हणत ती माझ्या मेडिकलच्या पायरीवर बसायची. मग पदरानं तोंड पुसून विचारायची, "जेवलात का?" स्वतःची छाती भात्यासारखी वाजतेय आणि चौकशी माझी! अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील.

नव्वदच्या दशकात मिरजगावात माझं दुकान होतं. ती मागच्या गल्लीत राहायची. एकुलता एक मुलगा पैलवान, त्याच्या खुराकाचं दूध-बदाम तीच बघायची. डॉक्टरांनी तिला दम्याच्या गोळ्या दिल्या होत्या. महिन्यागणिक ती जास्त न्यायला लागली, तरी दम वाढतच चालला. आणि मी शहाणा, मुकाट्यानं देत राहिलो.

एकदा मुलगाच आला. दंड खांबासारखे, पण पाण्याचा ग्लास धरला तर हात लटलटत होता. खोदून विचारलं तेव्हा कळलं. तालमीत कुणीतरी सांगितलं होतं की दम्याच्या गोळीनं अंगावर मांस चढतं. त्यात थोडं तथ्य असेलही, पण तीच गोळी काळीज धडधडवते, हे कुणी सांगितलं नव्हतं. आई आपल्या गोळ्या कुटून त्याच्या दुधात घालत होती.

तिला जाब विचारला.

"त्येच्या अंगाला लागतीय," ती म्हणाली. "मला बसून ऱ्हायाला कितीसा दम लागतो?"

"अहो, पोराच्या जिवावर बेतेल!"

ती हसली. आईच्या हातचं लेकराला बाधेल, हे तिला पटणारच नव्हतं. मला तिचा राग आला, स्वतःचा त्याहून जास्त.

पुढं कर्जतच्या जत्रेत सलामी झाली, हाताला माती लावली आणि पैलवान छाती धरून खालीच बसला. दवाखान्यात वाचला. डॉक्टरांनी कुस्ती मात्र बंद केली.

तेव्हापासून मी नियम केला. तिला सकाळ-संध्याकाळ एकेक गोळी, तीही माझ्यासमोर खायची. ती पाण्याचा घोट घ्यायची आणि शाळेतल्या पोरीसारखी म्हणायची, "गिळली बगा." मीही खुशीत असायचो.

त्या हिवाळ्यात ती दम्यानंच गेली.

दहाव्यानंतर मुलगा आला. त्यानं काउंटरवर एक फडकं सोडलं. आत पांढऱ्या गोळ्या होत्या, कडा विरघळून वाळलेल्या.

"उशाखाली घावल्या. जाताना म्हनली, तू परत मातीत उतरशील तवा लागतील." त्यानं एक गोळी उचलून बघितली. "तुमच्यासमोर गिळायची ना वो ती?"

"व्हय," मी म्हणालो. "रोज, दोन वेळा."