हमीदभाईंचा पांढरा कागद

आता काय सांगू तुम्हाला, मी आयुष्यात एकच लग्न ठरवलं आणि त्यात ना नवरी होती ना नवरा! नुसता मांडवाचा कागद होता. हसू नका. म्हणजे हसा, पण चहा सांभाळा.

झालं असं. नव्वदचं दशक सरत आलं होतं. शिवऱ्याजवळ पुणे-सातारा हायवेच्या कडेला माझी छोटी नर्सरी. गुलाब, जास्वंद, आंब्याची कलमं, आणि मुख्य म्हणजे शेतकऱ्यांना लागणारी टोमॅटो-मिरचीची रोपं. आणि रस्त्याच्या बरोब्बर पलीकडं हमीदभाईंची नर्सरी. माणूस मूळचा भोरचा. बोलायला गोड, हाताला यश. नाव ठेवावं असं त्यांच्यात काय होतं? काहीच नाही! तेच तर माझं दुखणं होतं.

पुण्याकडून येणारी गाडी माझ्या बाजूला थांबायची. चिंच माझी, सावली माझी. आणि मंडळी उतरून, साड्या सावरत, रस्ता ओलांडून पलीकडं! वर मलाच सांगायची, "काका, गाडीकडं जरा लक्ष ठेवा हं." ठेवतो की! दुसरं काय काम होतं मला?

दोघांकडंही रोपांसाठी पाइपांचं घर होतं, वरून प्लास्टिक ताणलेलं. त्या प्लास्टिकला आमच्याकडं सगळे कागदच म्हणतात. माझा कागद बाजारातला साधा, पावसात गोठ्यावर टाकतात तसला. एका उन्हाळ्यात तो पापडासारखा कडक झाला आणि चैत्रातल्या वाऱ्यानं त्याच्या चिंध्या केल्या. नवा घ्यायला हवा होता. कुठला, हे कळत नव्हतं.

तेवढ्यात सासुरवाडीची जत्रा आली. बायकोला, मंगलला, घेऊन पासलीला गेलो, चांगलं मटण हाणलं आणि दोन-चार दिवसांनी परत आलो. एस.टी.तून उतरतोय आणि बघतो तर काय! हमीदभाईंचं पाइपांचं घर पांढरंशुभ्र! वरून खालपर्यंत दुधानं न्हाल्यासारखं. माझ्या हातातली पिशवी तिथंच गळाली.

"मंगल, बघितलंस? नवा कागद टाकला! मी गावात न्हाई बघून टाकला!"

"अवो, त्यांनी काय तुमची परवानगी घ्यायची व्हय?" मंगल म्हणाली आणि चालायला लागली.

मला दुपारचं जेवण गेलं नाही. शेवटी सहज चक्कर मारल्यासारखा पलीकडं गेलो. हमीदभाई जास्वंदीच्या कुंड्या लावत होते.

"कागद लई झ्याक दिसतोय, हमीदभाई."

"व्हय, बरा हाय. पुण्यातनं आणलाय. जाड हाय, उन्हानं फाटत न्हाई." त्यांनी दुकानाचं नावही सांगून टाकलं. असा माणूस! गुपित तरी ठेवावं, म्हणजे राग धरता येतो. "तुमाला घ्यायचाय का? आत या की, दावतो नीट."

आता बघा, इथं मी आत गेलो असतो तर हा किस्साच झाला नसता. पण आत जायचं म्हणजे मला गरज आहे हे दाखवायचं. मी म्हटलं, "छ्या! मला कशाला? माझा हाय की चांगला."

आणि त्याच क्षणी माझ्या छपराची एक हातभर चिंधी उडत उडत रस्ता ओलांडून आली आणि त्यांच्या बोगनवेलीला अडकली. हमीदभाईंनी ती सोडवली, घडी घातली आणि माझ्या हातात दिली.

दुसऱ्या दिवशी मी पुण्यात. दुकानदार गल्ल्यावर बसलेला, मागं कागदाचे गठ्ठे.

"कशासाठी पाहिजे?"

साधा प्रश्न. पण माझ्या डोक्यात काय आलं? हा हमीदभाईंचा दुकानदार. ह्याला खरं सांगितलं तर हा त्यांना सांगणार, आणि ते मनात म्हणणार, दत्ता माझी नक्कल करतोय. मग तोंडातून निघून गेलं, "मांडवाला."

"अरे वा! कुणाचं लग्न?"

"घरातलंच."

"भोरकडचे का तुम्ही? मग आमच्या हमीदभाईंना ओळखत असाल."

"नाव ऐकलंय," मी म्हटलं. रोज सकाळी ज्याचं तोंड बघून जळत होतो त्याचं नाव ऐकलंय!

दुकानदारानं एक गठ्ठा उलगडला. पांढरा! हमीदभाईंच्याहून पांढरा!

"हा घ्या. एकदम मांडवाचाच माल. उन्हाचा कवडसा आत येणार नाही. भर दुपारी पंगत बसली तर दिवे लावावे लागतील!"

शहाण्या माणसाचे कान इथं टवकारले असते. मी मात्र विचारलं, "ह्याच्यापेक्षा पांढरा हाय का?"

नव्हता. मग तोच घेतला. दुकानदारानं पावतीवर माझं नाव-गाव लिहून घेतलं आणि लग्नाचं काम म्हणून वर एक नारळ दिला. मी तो घेतला, आशीर्वादही घेतले.

कागद ताणून झाल्यावर मंगल आत गेली आणि आतूनच ओरडली, "अवो, हितं काळोख झालाय!"

"काळोख न्हाई, गारवा म्हणत्यात त्याला!"

"मला तुमचं तोंड दिसंना."

"रोपांना माझं तोंड बघायचं न्हाई!"

टोमॅटोचं बी ट्रेमध्ये टाकलं. आणि काय चमत्कार! रोपं अशी सुटली वर, अशी सुटली की विचारू नका. हमीदभाईंकडची बोटभर, तर माझी वीतभर! मी सकाळ-संध्याकाळ आत जाऊन चाचपडत चाचपडत उंची बघायचो आणि स्वतःशीच हसायचो. मंगल म्हणायची, पिवळी दिसतायत, बारीक दिसतायत. मी म्हणायचो, "उंची बघ, उंची!" पलीकडून हमीदभाई हात करायचे, मी पण हात करायचो, पण तोऱ्यात. कुणालाही आत सोडत नव्हतो. आपलं यश असं आधीच उघडं करायचं नसतं!

भोंगवलीचे एक तात्या होते. टोमॅटोतले जाणते. ते जिथनं रोपं उचलतील तिथनं अख्खं गाव उचलायचं, आणि ते उचलायचे हमीदभाईंकडून. मी त्यांना रस्त्यातच गाठलं. "तात्या, औंदा आमच्याकडं या. ह्या हायवेला अशी उंच रोपं बघायला मिळायची न्हाईत!"

तात्या आले. टेम्पो घेऊनच आले. मी त्यांना चिंचेखाली खुर्ची दिली, चहा दिला, आणि आतून एक ट्रे दोन्ही हातांत धरून, आरतीचं ताट आणावं तसा, उन्हात आणून ठेवला.

वाऱ्याची एक बारीकशी झुळूक आली.

सगळी रोपं आडवी झाली. सगळी! एका बाजूला, एकदम, शिस्तीत. जणू तात्यांना साष्टांग नमस्कार घालतायत.

तात्यांनी चहाचा घोट गिळला. "दत्ता, काय झालं रं ह्यांना?"

"दमल्यात, तात्या. प्रवासाचा शीण."

"कुठनं आल्यात?"

"आतनं."

तात्यांनी एक रोप चिमटीत उचललं. दोऱ्यासारखं लोंबलं. "ह्याच्या वाती वळायच्या का?" ते म्हणाले.

मी काहीतरी बोलणार, तेवढ्यात रस्ता ओलांडून हमीदभाई आणि त्यांच्या घरच्या, शमीमभाभी, येताना दिसले. भाभींच्या हातात साखरेची पुडी आणि कागदात गुंडाळलेली साडी. हमीदभाईंचं तोंड उतरलेलं.

"दत्ताभाऊ, आमी काय परके व्हय?"

"का वो?"

"काल पुण्याला गेलतो. दुकानदार इचारतोय, तुमच्या शिवऱ्याच्या दत्ताकडलं लगीन कसं पार पडलं, मांडव कसा दिसला. मला काय बोलावं कळंना. रस्त्यापलीकडं ऱ्हातो आमी, आन् आमाला अक्षता न्हाईत?"

खरं सांगतो, त्या माणसाच्या डोळ्यांत पाणी होतं! ज्याचा मी इतके दिवस हेवा करत होतो, तो माझ्या न झालेल्या लग्नासाठी साडी घेऊन उभा होता.

मंगल पुढं आली. "कुणाचं लगीन?"

मी घाईघाईनं म्हटलं, "तुझ्या बहिणीचं."

"माज्या भनीचं? तिचा थोरला औंदा शाळेत जातोय!"

तात्यांनी खुर्ची जरा पुढं ओढली. "मंग दत्ता, तुजंच हाय का काय दुसरं?"

मंगलनं कमरेवर हात ठेवला. आता सांगा, काय करणार? एका बाजूला आडवी रोपं, एका बाजूला साडी, आणि समोर मंगल! मी सगळं ओकून टाकलं. दुकान, मांडव, नारळ, सगळं. "हमीदभाई, मला तुमच्यासारखा पांढरा कागद पाहिजे होता वो! तुम्हाला कळू नये म्हणून खोटं बोललो."

हमीदभाई माझ्याकडं बघतच राहिले. "पांढरा? माजा कागद पांढरा कुठं हाय?"

मी रस्त्यापलीकडं बोट केलं. भर उन्हात ते घर झगमगत होतं.

त्यांनी माझा हात धरला. रस्ता ओलांडून मला नेलं, मागं तात्या, मागं मंगल, मागं साडी घेऊन भाभी. हमीदभाईंनी नळाला पाइप लावला, छपरावर पाणी मारलं आणि लांब काठीच्या झाडूनं घासलं. पांढरं पाणी ओघळत खाली आलं. आणि मागं राहिलेला कागद कसला? नितळ! आरपार! आतली हिरवीगार, बुटकी, ताठ रोपं सरळ दिसायला लागली.

"अवो, चुना हाय ह्यो," हमीदभाई म्हणाले. "उन्हाळ्यात रोपं करपत्यात, म्हून वरनं चुना मारायचा. पावसाच्या तोंडाला धुऊन टाकायचा. रोपाला उजेड नगं का? उजेड न्हाई घावला की ते बिचारं उजेड हुडकत नुसतं लांबत जातंय."

"मग मला सांगितलं का न्हाई?"

"आत या म्हनलं व्हतं की तुमाला!"

म्हटलं होतं. लोकांना दुसरा कोणीतरी चुना लावतो. माझा मीच, पुण्याला जाऊन, तिकीट काढून लावून आलो होतो!

तात्यांनी रोपं हमीदभाईंकडूनच घेतली. टेम्पो मात्र माझ्याच दारात उभा होता, म्हणून ट्रे वाहायला मीही हात लावला. भाभींनी साडी मंगलला दिली. "आनलीच हाय तर नेसा," म्हणाल्या. मंगलनं ती पुढं कित्येक वर्षं नेसली आणि कुणी विचारलं की सांगायची, "ह्यांच्या लग्नातली हाय. माज्या न्हाई, ह्यांच्या!"

आता तुम्हाला वाटेल, माणूस सुधारला. मलाही वाटलं होतं. हमीदभाईंनी स्वतः बरोबर येऊन मला नितळ कागद घेऊन दिला. दुकानदारानं नवरा-नवरीची खुशाली विचारली, मी दोघंही बरी आहेत म्हणून सांगितलं. हिवाळाभर रोपं झकास आली, गिऱ्हाईक यायला लागलं.

मग उन्हाळा आला. हमीदभाईंनी चुना मारला, मीही चुना मारला. संध्याकाळी रस्त्याच्या मधोमध उभं राहून बघितलं. आणि काय सांगू, त्यांचा जास्त पांढरा दिसत होता!

रात्रभर तळमळलो. सकाळी भोरला गेलो आणि घराच्या दारा-खिडक्यांना देतात तो पांढरा ऑइल पेंट घेऊन आलो. दोन हात दिले. मंगल खालून ओरडत होती, मी वरून म्हणत होतो, "चमक बघ, चमक!" आणि चमकत होतं हो! सातारा बाजूच्या गाड्या वेग कमी करून बघत होत्या.

पावसाळ्याच्या तोंडाला हमीदभाईंनी पाइप लावला. चुना गेला, कागद नितळ. मीही पाइप लावला. पेंट आणखी चमकायला लागला. झाडूनं घासलं, काथ्यानं घासलं, घासलेट लावलं. ढिम्म! वर मुसळधार पाऊस, आत ओल, आणि काळोख असा की पुन्हा मंगलला माझं तोंड दिसेना.

त्या पावसाळ्यात माझ्या ट्रेमध्ये एकच पीक आलं. कुत्र्याच्या छत्र्या! न पेरता, न खत घालता, ट्रे भरभरून. हमीदभाई बघायला आले. वाकून बघितलं, हात मागं बांधले आणि "औंदा पाऊस लई," एवढंच म्हणाले. भला माणूस.

आणि तुमच्यापासून काय लपवायचं, मी त्यांच्या शेजारी उभा होतो आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला त्यांच्यापुढं जरा बरं वाटत होतं. कारण तसली एक छत्री, एक सुद्धा, त्यांच्याकडं नव्हती!